इंजिनाची शक्ति आणि तिची मर्यादा

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या तोंडीं हल्लीं एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. घरच्या मोटारीच्या साध्या इंजिनास टर्बोचार्जर बसविला तर त्याची शक्ति किती वाढेल, आणि पंपावरचें महाग पेट्रोल भरलें म्हणजे काम भागेल कीं काय, असा तो प्रश्न आहे. प्रश्न चांगला आहे. कारण त्याच्या उत्तरांत पदार्थविज्ञानाचे बरेच नियम येतात. परंतु तो केवळ परीक्षेपुरता नाहीं. उत्तर न समजतां जो पाना हातीं घेतो त्याचें इंजिन फुटतें, वडिलांचे पैसे जातात, आणि कधीं कधीं याहून मोठी हानि होते. म्हणून हा विषय विद्यार्थी व पालक या उभयतांस समजेल अशा रीतीनें येथें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शक्ति येते कोठून तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें, पिस्टन वर येऊन तें दाबतो, ठिणगी पडून तें जळतें आणि तापलेला वायु पिस्टनास खालीं ढकलतो. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल हवें तितकें सोडतां येईल. हवा मात्र सिलिंडराच्या आकारमानानें आणि बाहेरच्या दाबानें ठरून गेलेली असते. चुलींत लांकडें कितीहि कोंबलीं तरी वारा मिळाल्यावांचून जाळ होत नाहीं, तसेंच हें आहे. टर्बोचार्जर ही इंजिनाची फुंकणी होय. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतानें एक चक्र फिरतें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचें चक्र बाहेरची हवा दाबून आंत भरतें. हा दांडा मिनिटास एक लाखाहूनहि अधिक फेरे करूं शकतो. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें.

१९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफोर्ड मॉस या अभियंत्यानें लिबर्टी नांवाचें विमानाचें इंजिन पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या पर्वतावर नेऊन पाहिलें. खालीं सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावरील विरळ हवेंत २३० वर उतरलें. टर्बोचार्जर लावतांच तें ३५६ वर गेलें. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, मॉसनें इंजिनावर नवा भार घातला नाहीं; त्याची हरवलेली हवा तेवढी परत दिली. सपाटीवरील मोटारीस टर्बो लावणें ही गोष्ट निराळी आहे. तेथें कारखान्यानें योजलेल्या मापाहून अधिक हवा आपण आंत भरतों. सर्व धोका येथूनच सुरू होतो.

पहिला धोका उष्णतेचा. हवा दाबली कीं तापते. सायकलीचा पंप मारतांना त्याचें नळकांडें गरम होतें हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ३० अंश सेंटिग्रेडची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत दाबली, आणि दाबणाऱ्या चक्राची कार्यक्षमता शेंकडा ७० धरली, तर ती सुमारें ८३ अंशांवर जाते. दाब दुप्पट केला तर ती १२५ अंशांच्या आसपास पोंचते. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब दीडपट झाला तरी सिलिंडरांत शिरलेल्या हवेचें वजन दीडपट न होतां सव्वापटीहून थोडेंच अधिक होतें. तीच हवा वाटेंत इंटरकूलरच्या जाळींतून नेऊन ५० अंशांपर्यंत निवविली, तर वजन १.४ पट होतें. म्हणून ज्यास टर्बो हवा त्यानें इंटरकूलरचा खर्च आधींच धरावा.

दुसरा धोका याच उष्णतेंतून उद्भवतो. ठिणगी पडल्यावर ज्योत एका जागेपासून निघून सिलिंडरभर पसरत जाते. ती पोंचण्यापूर्वीं दूरच्या कोपऱ्यांतील मिश्रण दाबलें जाऊन इतकें तापूं शकतें कीं, तें आपोआप एकदम पेट घेतें. मग दाबाच्या लाटा भिंतींवर आपटून धातूचा खणखण आवाज निघतो. यासच कारागीर नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या डोक्यावर वायूचा जो पातळ थर असतो तो एरवीं ज्वाळेची उष्णता धातूंत शिरूं देत नाहीं. नॉकिंगनें तो विस्कटला जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें आणि त्याच्या बऱ्याच आधीं दुबळें होतें. रिंगांमधील कडा तुटणें, पिस्टनास भोंक पडणें हे या खणखणीचे परिणाम होत. जोरांत चाललेल्या टर्बोच्या इंजिनांत त्यास फार वेळ लागत नाहीं.

आतां ऑक्टेनचा अर्थ सहज कळेल. १९२६ सालीं अमेरिकेंतील ग्रॅहॅम एडगर यानें हें माप सुचविलें. आयसो-ऑक्टेन नांवाचा द्रव नॉकिंगला चांगला दाद देत नाहीं, म्हणून त्यास १०० गुण. नॉर्मल हेप्टेन लगेच खणखणतो, म्हणून त्यास शून्य. ज्या पेट्रोलचें वर्तन ९१ भाग पहिला व ९ भाग दुसरा अशा मिश्रणासारखें असेल त्याचें ऑक्टेन ९१. याचा अर्थ असा कीं, अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलांत अधिक शक्ति सांठविलेली नसते. अधिक दाब सोसून वेळेपूर्वीं न पेटण्याचा गुण तेवढा त्यांत अधिक असतो. ९१ ऑक्टेनसाठीं योजलेल्या साध्या इंजिनांत १०० ऑक्टेनचें पेट्रोल ओतून पालकांचे पैसे मात्र जास्त खर्च होतात.

परंतु दाब वाढवावयाचा असेल तर हाच गुण मोलाचा ठरतो. १९४० सालीं ब्रिटिश लढाऊ विमानांतील मर्लिन इंजिनास ८७ ऐवजीं १०० ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें. त्या इंजिनांत हवा भरणारें यंत्र दंतचक्रांनीं फिरे, तरी तत्त्व तेंच. भरणाचा दाब दर चौरस इंचास सुमारें ६ पौंडांवरून १२ पौंडांवर नेतां आला, आणि शक्ति १,०३० वरून १,३१० अश्वशक्तीपर्यंत वाढली. मात्र हा दाब एका वेळीं पांच मिनिटांहून अधिक वापरावयाचा नाहीं, आणि वापरल्यास त्याची नोंद करावयाची, असा दंडक होता. प्राणांशीं गांठ असतांनाहि त्यांनीं मर्यादा सोडली नाहीं.

मोटारींच्या इतिहासांतील दोन उदाहरणें आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळ आहेत. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार निघाली. तिच्या इंजिनाचें दाबप्रमाण १०.२५ इतकें उंचच ठेवलें होतें. म्हणजे सिलिंडरांतील मिश्रण आपल्या मूळ आकाराच्या सव्वादहाव्या हिश्शांत दाबलें जाई. नॉकिंग टाळण्यासाठीं पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण वेगळ्या टाकींतून आंत शिंपडलें जाई. टाकी भरण्यास मालक विसरत, आणि मग टर्बोचा दाबच बंद पडे. अखेर १९६५ सालीं टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी कारखान्यानेंच दाखविली. उलट १९७७ सालीं स्वीडनच्या साब कंपनीनें ९९ टर्बो लोकांपुढें आणली तेव्हां दाबप्रमाणच ७.२ पर्यंत उतरविलें होतें. बिनटर्बोचें तसलेंच दोन लिटरचें इंजिन ११८ अश्वशक्ति देई; हें १४५ देऊं लागलें. स्वतःच्याच इंजिनाची रचना बदलणाऱ्या कारखान्यानें सुमारें शेंकडा २३ इतकीच वाढ घेतली, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. पुढें १९८२ च्या मोटारींपासून साबनें नॉकिंग ऐकून टर्बोचा दाब आपोआप उतरविणारी योजना बसविली, आणि मग दाबप्रमाण ८.५ पर्यंत वाढवितां आलें.

तर साध्या इंजिनास किती भार सोसेल? दहाच्या आसपास दाबप्रमाण असलेल्या निरोगी इंजिनास दर चौरस इंचास पांच ते सात पौंड ही अनुभवी कारागिरांची ढोबळ सीमा आहे; ९१ ऑक्टेनवर पांचाच्या अलीकडे राहणेंच बरें. यानें शक्ति सुमारें एक चतुर्थांश वाढली तर पुष्कळ झालें. तेवढ्यासहि पथ्यें आहेत. पूर्ण भारावर मिश्रण दाट, म्हणजे बारास एक असें, ठेवावें लागतें. ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. तेल व पाणी निवविण्याची सोय वाढवावी लागते. भारतांत २०२० च्या भारत स्टेज ६ नियमांत साध्या पेट्रोलचें किमान ऑक्टेन ९१ ठरविलेलें होतें. इथेनॉल मिसळल्यानें ऑक्टेन वाढतें खरें, पण इथेनॉलची उष्णता कमी असल्यानें इंधन अधिक लागतें. फवारे अपुरे पडले तर मिश्रण पातळ होऊन घात होतो.

आणखी एक गोष्ट. वायूचा दाब वाढला तर कनेक्टिंग रॉड वांकण्याचा संभव वाढतो. फेरे वाढविले तर तो तुटण्याचा. कारण फेऱ्यांमुळें पडणारा ताण वर्गाच्या प्रमाणांत वाढतो: ६,००० फेऱ्यांचे ७,२०० केले तर ताण १.४४ पट होतो. हाच वर्गाचा नियम ब्रेकासहि लागू आहे. ताशीं ८० ऐवजीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार थांबवितांना ब्रेकांस दीडपटीहून अधिक ऊर्जा गिळावी लागते. इंजिन नवें झालें, ब्रेक जुनेच राहिले, तर हिशेब रस्त्यावर चुकता होतो, आणि तो पुष्कळदां परक्या माणसास द्यावा लागतो.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणीपत्रांत लिहिलेल्या कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. आणि विमा कंपनीस न कळवितां केलेला बदल अपघाताच्या वेळीं अंगाशीं येऊं शकतो. मुलाचा उत्साह मात्र दडपूं नये. भंगारांतून एखादें जुनें इंजिन आणून द्यावें. तें त्यानें उघडावें, पिस्टनच्या कडा मोजाव्या, रॉडची जाडी पाहावी आणि वर दिलेले आंकडे वहींत स्वतः सोडवून पाहावे. ज्यानें एकदां तो हिशेब पुरा केला, तो टर्बो बसवील तेव्हां किती दाबावर थांबावयाचें हें आधींच ठरवून बसवील.