मे महिन्यातला शेवटचा सोमवार

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरीस येणारा ‘मेमोरियल डे’ हा युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन असला, तरी लोकव्यवहारात उन्हाळ्याचा आरंभही याच सुट्टीपासून मानला जात असल्याने, सकाळी गावाच्या संचलनाला रस्त्याच्या कडेला उभी राहणारी कुटुंबे संध्याकाळी चित्रपटगृहात दिसणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे.

यांपैकी संचलनाची परंपरा अधिक जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध संपताच, १ मे १८६५ रोजी, चार्ल्सटन शहरातील घोड्यांच्या शर्यतीच्या ज्या मैदानावर उत्तरेकडील सैन्याचे कैदी मरण पावले होते, तेथे गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या हजारो कृष्णवर्णीयांनी फुले घेऊन मिरवणूक काढली. हा प्रसंग पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेला आणि या दिवसाच्या आरंभाचे श्रेय इतरांना मिळत राहिले, ही खेदाची बाब आहे. १८६८ मध्ये जनरल जॉन लोगन यांनी माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख या नात्याने ३० मे हा दिवस कबरींवर फुले वाहण्यासाठी नेमून दिला, म्हणून त्याला प्रारंभी ‘डेकोरेशन डे’ म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर सर्वच युद्धांतील मृतांचा त्यात समावेश झाला.

ओहायो राज्यातील आयर्नटन गावाचे संचलन १८६८ पासून अखंड चालू असल्याचे सांगितले जाते. अशा लहान गावांत शाळांची वाद्यपथके, अग्निशामक दलाचे बंब, स्काउटची मुले आणि उघड्या मोटारीतून जाणारे वृद्ध माजी सैनिक मुख्य रस्त्याने निघतात, बहुधा दफनभूमीपाशी थांबतात, आणि तेथे ‘टॅप्स’ ही बिगुलावरील चोवीस स्वरांची लष्करी निरोपाची धून वाजवून गावच्या मृतांची नावे वाचली जातात. राजधानीतील भव्य सोहळ्यापेक्षा या साध्या संचलनाचे मोल अधिक मानावे लागते, कारण तेथे वाचल्या जाणाऱ्या नावांचे आप्त त्याच गर्दीत उभे असतात.

चित्रपटांशी या सुट्टीचे नाते जुळण्यास प्रथम कारण ठरला तो उकाडा. पूर्वी उन्हाळ्यात कोंदट चित्रपटगृहांकडे प्रेक्षक फिरकत नसत आणि काही मालक तर त्या काळात ती बंदच ठेवत. परंतु १९२५ साली याच सुट्टीच्या सुमारास न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात विलिस कॅरियर यांची वातानुकूलन यंत्रणा, म्हणजे हवा थंड करून तिच्यातील आर्द्रताही आटोक्यात ठेवणारी योजना, सुरू झाली, आणि पुढील काळात चित्रपटगृह हाच उन्हाळ्यातील विसावा ठरला. दुसरे कारण कायद्याचे होते. १९६८ मध्ये संमत होऊन १९७१ पासून अमलात आलेल्या कायद्याने काही राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी नेल्या. त्यामुळे मेमोरियल डे ३० मेऐवजी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येऊ लागला आणि शनिवार-रविवारला जोडून सलग तीन दिवस मिळू लागले. २५ मे १९७७ रोजी, या सुट्टीच्या तोंडावर, मोजक्याच चित्रपटगृहांत लागलेल्या ‘स्टार वॉर्स’ने अफाट यश मिळवले, तेव्हा उन्हाळी हंगाम येथूनच धरावा हे निर्मात्यांच्या मनात पक्के बसले; २०२२ मध्ये ‘टॉप गन : मॅव्हरिक’ या चित्रपटासाठीही हाच मुहूर्त निवडण्यात आला.

हा बदल सर्वांनाच मानवला नाही. सलग सुट्टीमुळे स्मरण मागे पडून मौज पुढे येते, असा माजी सैनिकांच्या संघटनांचा आक्षेप आहे आणि तो निराधार म्हणता येत नाही. २००० साली संसदेने या दिवशी दुपारी तीन वाजता एक मिनिट स्तब्ध राहण्याचे आवाहन करणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर उजवा हात गमावलेले हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये हे ३० मे ही मूळ तारीख परत आणण्याचे विधेयक २०१२ मधील आपल्या निधनापर्यंत वारंवार मांडत राहिले, पण ते कधीच संमत झाले नाही.