टँकरची दुसरी भिंत आणि टँकरचे वय

२०१२ मध्ये गुजरातमधील अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यासाठी ‘ओरिएंटल नाइसिटी’ नावाचे एक जुने मालवाहू जहाज आले. त्यावर घातक कचरा आहे का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलैमध्ये ते तोडण्याची परवानगी मिळाली. एका भंगार जहाजाची एवढी चर्चा होण्याचे कारण त्याच्या जुन्या नावात होते. अनेकदा नाव बदललेले हे जहाज म्हणजे एकेकाळचा तेलवाहू टँकर ‘एक्झॉन व्हाल्डीझ’. जगभरातल्या तेलवाहू जहाजांची रचना ज्या अपघातामुळे बदलली, तो या जहाजाचा होता.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये हा टँकर ब्लाय रीफ या खडकाळ भागावर चढला. त्याच्या तेलाच्या ११ टाक्यांपैकी आठ फाटल्या आणि सुमारे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि २,८०० समुद्री पाणमांजरे मेली. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो, त्याची ऊब दाट केसांत अडकलेल्या हवेवर अवलंबून असते. केस तेलाने चिकटले की बर्फाळ पाण्यात ते गारठून मरते. केस चाटून साफ करताना तेल पोटात जाते, ते वेगळेच.

हे जहाज जुनाट नव्हते. ते १९८६ मध्ये बांधलेले, म्हणजे जेमतेम अडीच वर्षांचे होते. दोष त्याच्या रचनेत होता. तेल आणि समुद्र यांच्यामध्ये पोलादाचा एकच पत्रा होता. तो फाटला की तेल थेट पाण्यात.

दोन मीटरची मोकळी जागा

यावरचा उपाय ऐकायला साधा आहे. जहाजाला बाहेरचे एक आणि आतले एक अशी दोन कवचे द्यायची आणि मध्ये मोकळी जागा ठेवायची. ही जागा जहाजाच्या आकारानुसार साधारण एक ते दोन मीटर रुंद असते. जहाज खडकावर घासले किंवा दुसरे जहाज बाजूला धडकले, तर बाहेरचा पत्रा फाटतो, पण आतली टाकी शाबूत राहू शकते. धडक फार जोराची असेल तर दोन्ही पत्रे फाटतात. मात्र बंदराजवळच्या कमी वेगाच्या अपघातांत ही दुसरी भिंत तेल अडवते.

ही जागा वाया जात नाही. तेल उतरवून परतणारा रिकामा टँकर हलका होऊन लाटांवर डोलू नये म्हणून त्यात समुद्राचे पाणी भरतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. दुपदरी टँकरमध्ये ते याच पोकळीत भरले जाते.

अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून नव्या टँकरना दुपदरी कवच सक्तीचे केले. मग संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९२ मध्ये ‘मार्पोल’ या प्रदूषणविरोधी करारात तशी दुरुस्ती केली. ६ जुलै १९९३ नंतर मागणी नोंदवलेल्या, पाच हजार टन किंवा त्याहून अधिक वहनक्षमतेच्या टँकरना दुपदरी कवच किंवा तितकीच सुरक्षित रचना बंधनकारक झाली. आधीच पाण्यात असलेल्या एकपदरी टँकरना मात्र साधारण २५ ते ३० वर्षे वयापर्यंत चालण्याची मुभा मिळाली. जहाज म्हणजे कोट्यवधींची गुंतवणूक. ती एका रात्रीत भंगारात काढायला कोणी तयार नव्हते.

दोन अपघात, दोन दुरुस्त्या

ही मुभा किती महाग पडू शकते, हे युरोपला कळले. १२ डिसेंबर १९९९ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर वादळात ‘एरिका’ हा टँकर मधोमध तुटला. सुमारे २० हजार टन जड इंधन तेल सांडले. टँकर १९७५ सालचा होता. त्यानंतर एकपदरी टँकर बाद करण्याचे वेळापत्रक अलीकडे आणले गेले. ते लागू होऊन दोन-अडीच महिने होतात तोच, १३ नोव्हेंबर २००२ रोजी स्पेनच्या गॅलिसियाजवळ ‘प्रेस्टीज’चे कवच फाटले. १९७६ सालच्या या टँकरला आसरा न देता खोल समुद्राकडे पाठवले गेले. सहा दिवसांनी तो दुभंगून बुडाला आणि सुमारे ६३ हजार टन तेल समुद्रात गेले.

जड तेल सहज उडून जात नाही. ते डांबरासारखे चिकटते आणि लाटांनी घुसळले की पाणी शोषून त्याचा फेसाळ चिखल होतो. तो हातानेच उचलावा लागतो. गॅलिसियात मच्छीमार स्वतःच सफाईला उतरले. नंतरच्या आरोग्य पाहणीत, सफाई केलेल्या मच्छीमारांमध्ये धाप, खोकला अशा श्वसनाच्या तक्रारी वर्ष उलटल्यावरही इतरांपेक्षा जास्त आढळल्या. मास्क आणि हातमोजे ही सफाईतली शोभेची साधने नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

डिसेंबर २००३ मध्ये नियम पुन्हा कडक झाले. सर्वांत जुन्या गटातील एकपदरी टँकर २००५ पर्यंत आणि उरलेले २०१० पर्यंत बाद करायचे ठरले. एकपदरी टँकरमधून जड तेल नेण्यावरही बंदी आली. तरी फट राहिलीच. काही टँकरना त्यांच्या नोंदणीच्या देशाने परवानगी दिल्यास, कसून तपासणीच्या अटीवर, जास्तीत जास्त २०१५ पर्यंत चालता येणार होते.

या मधल्या काळाची झळ भारतीय खलाशांनाही बसली. ७ डिसेंबर २००७ रोजी दक्षिण कोरियाच्या तेआनजवळ नांगरून उभ्या असलेल्या ‘हेबेई स्पिरिट’ या एकपदरी टँकरवर, दोर तुटून भरकटलेला क्रेनचा तराफा आदळला. दहा हजार टनांहून अधिक कच्चे तेल किनाऱ्याकडे सरकले. किनारा पुसायला दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले. टँकरचे भारतीय कप्तान आणि मुख्य अधिकारी यांना मात्र सुमारे दीड वर्ष मायदेशी परतता आले नाही.

भिंतीने काय साधले?

१९७० च्या दशकात टँकरमधून सातशे टनांहून मोठी गळती वर्षाला सरासरी २४ वेळा होत असे. २०१० च्या दशकात ही सरासरी दोनपेक्षाही खाली आली. याचे सारे श्रेय दुसऱ्या भिंतीला देता येणार नाही. नकाशे, रडार, उपग्रहाधारित दिशादर्शन, बंदरांतील तपासण्या हे सगळेच सुधारले.

‘एरिका’ आणि ‘प्रेस्टीज’ खडकावर आपटले नव्हते. वादळात त्यांच्या थकलेल्या सांगाड्याने दम सोडला. असा सांगाडा मोडला तर दुसरी भिंतही त्याच्यासोबत मोडते. त्यामुळे एकपदरी टँकर हटवणाऱ्या नियमाने दोन कामे केली. नव्या जहाजांना भिंत दिली आणि त्याच नियमाच्या आधाराने म्हातारी जहाजे समुद्रातून बाहेर काढली.

पहिले काम टिकाऊ आहे, दुसरे पुन्हा पुन्हा करावे लागते. दुपदरी टँकरना मार्पोलने अशी वयोमर्यादा घातलेली नाही आणि त्यांची पहिली पिढी आता तिशी ओलांडते आहे. गंजाचा धोका त्यांच्यात कमी नाही. दोन कवचांमधली पोकळी थर्मासच्या बाटलीसारखी काम करते. तेलाची उष्णता आत कोंडून राहते. ऊब, खारे पाणी आणि दमट हवा एकत्र आली की पोलाद लवकर सडते. आतल्या पत्र्याला तडा गेला तर तेलाची वाफ पोकळीत शिरून स्फोटाचाही धोका असतो. म्हणून बॅलास्ट टाक्यांच्या रंगासाठी, तो साधारण १५ वर्षे टिकावा, असा आंतरराष्ट्रीय निकष २००६ मध्ये ठरवला गेला. पण तो रंग टिकला आहे का, हे बघायला त्या अंधाऱ्या, अरुंद जागेत माणसालाच उतरावे लागते.

नियमाबाहेर राहिलेल्या कोपऱ्यांनीही धडा दिला. बाद झालेल्या काही एकपदरी टँकरचे खनिजवाहू जहाजांत रूपांतर झाले. त्यांतले ‘स्टेलर डेझी’ ३१ मार्च २०१७ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाले आणि २४ पैकी २२ जण गेले. येमेनसमोर तरंगते गोदाम म्हणून उभा असलेला १९७६ सालचा एकपदरी ‘सेफर’ ११ लाखांहून अधिक पिंपे तेल पोटात घेऊन वर्षानुवर्षे गंजत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यातले तेल दुसऱ्या जहाजात हलवले, तेव्हा कुठे तो धोका टळला.

मुंबईकरांना यातला एक कोपरा ओळखीचा आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली, तेलाचा तवंग पसरला, कांदळवने काळवंडली आणि लोकांनी मासळी खाणे थांबवले. ‘चित्रा’ टँकर नव्हे, कंटेनर जहाज होते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन. मोठ्या जहाजांच्या इंधन टाक्यांनाही संरक्षण देणारा नियम आला होता, पण तो १ ऑगस्ट २०१० पासून ताब्यात दिलेल्या नव्या जहाजांनाच लागू होता. ‘चित्रा’ १९८० सालचे होते. आजही जुन्या जहाजांच्या बाबतीत किनाऱ्याची भिस्त बंदरातल्या तपासनिसावर आहे. गंजलेल्या जहाजाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याने वेळीच वापरला, तर कोळ्याची जाळी कोरडी राहत नाहीत.