सहा इंची पंखा, आठ इंची भोक

शहापूरचं आमचं जुनं घर कौलारू होतं. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळायचं, तिथे पातेली ठेवलेली असायची, आणि चुलत भावंडं मिळून आम्ही पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचे ताल मोजायचो. पण त्या घरात कुबट वास कधी आल्याचं मला आठवत नाही. कौलांच्या फटींतून धूर, वाफ, फोडणीचा खाट सगळं वर निघून जायचं. माजघराच्या छपराजवळ एक झरोका होता, त्याला काचही नव्हती. हवा खेळती ठेवायला कुणी एक पैसाही खर्च केला नव्हता. घर आपोआप श्वास घेत होतं.

वाटण्या झाल्या, ते घर गेलं. आम्ही बेळगावातच गावाच्या कडेला तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला आणि बांधकाम होईपर्यंत चौदा महिने एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो. हा लेख खरं तर त्या फ्लॅटमुळे लिहितोय.

फ्लॅट नवा, चकाचक. सरकत्या खिडक्या, त्यांना रबराच्या पट्ट्या, दारं घट्ट. जुलै लागला आणि कपाटामागच्या भिंतीवर हिरवे-काळे ठिपके दिसू लागले. बाबांचा ठेवणीतला कोट काढला तर त्यावर पांढरी बुरशी. न्हाणीघराच्या झरोक्यातून पावसाचं पाणी आत येतं म्हणून घरमालकाने त्यावर अ‍ॅक्रिलिकची शीट ठोकून टाकली होती. आणि त्याच न्हाणीघरात, बादलीच्या बरोबर वर, गॅसचा गीझर.

एके सकाळी आई आंघोळीला गेली. नेहमीपेक्षा वेळ लागला म्हणून बायकोने दार वाजवलं. आतून ओ आली, पण जड आवाजात. कडी काढून आई बाहेर आली ती भिंतीला धरून. डोकं गरगरतंय, मळमळतंय म्हणाली. आम्हाला वाटलं पित्त झालं. वर राहणारे एक निवृत्त गृहस्थ धावत आले, त्यांनी आधी गीझर बंद केला, मग आईला गॅलरीत मोकळ्या हवेत बसवलं आणि आम्हाला दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गीझर गॅसचा आहे का?"

गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. याच्या बाबतीत नाकाला काहीच कळत नाही. माणूस गुंगीत जातो आणि कडी आतून लावलेली असते. आई दहा मिनिटं आणखी आत राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

त्या दिवसानंतर नव्या घराच्या नकाशाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. तोवर आमच्या चर्चा टाइल्स आणि मॉड्युलर किचनवर चालल्या होत्या. हवेचा विषय निघाला की ठेकेदार म्हणायचा, "खिडक्या आहेत की चिक्कार!"

खिडक्या होत्याच. पण एक हिशेब करून बघा. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश आणि कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश इतकी तरी उघडणारी जागा हवी. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. एक षष्ठांश म्हणजे २० चौरस फूट, एक दशांश धरलं तरी १२. आमच्या नकाशात त्या खोलीला चार बाय चारची एकच सरकती खिडकी होती. कागदावर १६ चौरस फूट. पण सरकत्या खिडकीचं एक दार दुसऱ्यामागे जातं, म्हणजे एका वेळी निम्मीच उघडते! उरले ८. त्यावर डासांची जाळी, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा मारा सुरू झाला की तीही बंद. जुन्या पद्धतीची बाहेर उघडणारी झडपांची खिडकी पूर्ण उघडते, वर छज्जा असला की झिमझिम पावसातही उघडी ठेवता येते. दोन्ही बेडरूमना आम्ही शेवटी तशाच खिडक्या केल्या, शेजारच्या दोन भिंतींवर एकेक. एकाच भिंतीला दोन खिडक्या ठेवून फारसा उपयोग होत नाही; वाऱ्याला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी.

आमचा गवंडी, मेस्त्री म्हणतो आम्ही, कन्नड बोलणारा. त्याने हे सगळं तीन शब्दांत सांगितलं होतं: "गाळी बरबेकु, होगबेकु." वारा आला पाहिजे, गेला पाहिजे. जिन्याच्या टोपीत दोन बाजूंना कायम उघड्या, तिरक्या पट्ट्यांच्या झडपा ठेवायची कल्पनाही त्याचीच. गरम हवा वर चढते, जिना म्हणजे घरातलं आयतं धुराडं. खालच्या खिडक्या उघड्या असल्या की उन्हाळ्याच्या संध्याकाळी जिन्यात हाताला वारा लागतो. अ‍ॅल्युमिनियमवाल्याने जाळीसकट ३,२०० रुपये घेतले. घरावर केलेल्या सगळ्या खर्चात इतका वसूल झालेला खर्च दुसरा नाही.

आता पंख्यांकडे येतो. दोन न्हाणीघरं आणि एक स्वयंपाकघर, असे तीन एक्झॉस्ट फॅन बसवायचे ठेकेदाराने १९,५०० रुपये सांगितले. मी म्हटलं, आपण बसवू. ड्रिल मशीन घरात होतंच, आणि असली कामं मला आवडतात.

किती मोठा पंखा घ्यायचा याचं गणित शाळेतलंच आहे. न्हाणीघर आठ बाय पाच, उंची नऊ फूट, म्हणजे ३६० घनफूट. तासाला आठ-दहा वेळा तिथली सगळी हवा बदलावी असं धरलं तर तासाला साधारण ३,६०० घनफूट, म्हणजे सुमारे १०० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर घनमीटर प्रतितास हा आकडा छापलेला असतो. सहा इंची पंखा याच्या दुप्पट तरी हवा ओढतो. प्रत्यक्षात पाइप, जाळी, झडप यांनी तो कमी होतो, म्हणून दुप्पट असलेलं बरं. स्वयंपाकघर दहा बाय दहा बाय दहा, तिथे तासाला पंधरा-वीस वेळा धरा, म्हणजे ४०० ते ५५० घनमीटर. त्याला नऊ इंची धातूचा पंखा लागला. प्लास्टिकचा घेऊ नका, फोडणीच्या तेलाने वर्षात चिकट होतो आणि घासताना पातं तुटतं.

भोक ठेवायचं ते वीट चढतानाच. गिलावा झाल्यावर फोडलं तर धूळ, तडे आणि रंगाचा खर्च, तिन्ही पदरात पडतात. मी अगदी हुशारीने मेस्त्रीला सांगितलं, "सहा इंची पंखा आहे, सहा इंचाचं भोक ठेव." त्याने ठेवलं. पंखा आणल्यावर कळलं की सहा इंच हे पात्याचं माप असतं. बाहेरची चौकट बसायला त्याहून बरंच मोठं भोक लागतं, आणि तेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. माझ्याला जवळजवळ आठ इंच लागलं. दोन्ही भिंती छिन्नीने पुन्हा कोरल्या, मेस्त्रीचे ६०० रुपये जास्तीचे, आणि त्याचं हसू फुकट. पंखा आधी आणा, त्याचं खोकं मेस्त्रीच्या हातात द्या, मग वीट लावू द्या.

भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला. तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेरच जातं. आमची न्हाणीघरं पश्चिमेला, पावसाच्या तोंडावर. पंख्याबरोबर येणाऱ्या हलक्या झडपा वाऱ्याने रात्रभर टाळ्या वाजवत बसल्या, म्हणून बाहेरून खाली तोंड असलेली टोपी बसवली. पाइपच्या तोंडाला जाळी हवीच, नाहीतर चिमण्या आणि पाली आपलं घर समजतात. पाइपभोवतीची फट सिलिकॉनने बंद केली.

विजेचं काम मात्र मी केलं नाही आणि तुम्हीही करू नका. परवानाधारक वायरमनकडून छताजवळ, शिंतोडे पोचणार नाहीत अशा जागी अर्थिंगसह तीन पिनांचा सॉकेट आणि न्हाणीघराबाहेर बटण करून घेतलं. पंखा भिंतीत बसवून पिन खोचणं एवढंच माझ्याकडे उरलं. तरीही पातं काढताना मेन बंद करायची सवय लावून घेतली आहे.

पहिल्या दिवशी पंखा घरघरला, पण आरशावरची वाफ जाईना. हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला हवी, आणि सुताराने दार इतकं चपखल बसवलं होतं की खालून कागद जाईना. दार काढून तळाशी पाऊण इंच तासून घेतलं. आता दार लावून पंखा चालू केला आणि फटीशी वर्तमानपत्राचा तुकडा धरला की तो आत ओढला जातो. ही परीक्षा तुमच्याही घरी करून बघा, दहा सेकंद लागतात.

हिशेब असा: सहा इंची दोन पंखे २,७००, स्वयंपाकघराचा २,१५०, बाहेरच्या तीन टोप्या ७१०, पाइप-जाळी-सिलिकॉन-स्क्रू ९४०, विजेचे तीन पॉइंट १,३५०, आणि माझ्या हुशारीचे ६००. एकूण ८,४५०. आमच्याकडचे गेल्या वर्षीचे भाव आहेत, इंदूर-हैदराबादला थोडे इकडेतिकडे होतील. विजेचं म्हणाल तर सहा इंची पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. रोज दोन तास चालवला तरी वर्षाला २२ युनिट.

गॅसचा गीझर आम्ही मागच्या उघड्या गॅलरीत लावला. गरम पाण्याचा पाइप नऊ फूट लांबला, त्याला वेष्टण घातलं, सुरुवातीचं अर्धी बादली पाणी गार येतं. ते पाणी आई तुळशीला घालते. इथे एक गैरसमज सांगितला पाहिजे. बरेच जण म्हणतात, "गीझर आत असला तर असू दे, एक्झॉस्ट लावलाय ना!" बंद खोलीतून पंखा हवा जोरात ओढतो तेव्हा गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा आतही ओढला जाऊ शकतो. पंखा हा यावरचा उपाय नाही. गीझर बाहेर, हाच उपाय.

पंख्यांनी सगळंच साधतं असंही नाही. जुलैत आमच्याकडे बाहेरचीच हवा भिजलेली. बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असली, तर तीच हवा घरात २५ अंशांवर आली की साधारण ८० टक्के दाखवते. त्याखाली ती पंख्याने जाणार नाही. पंखा काढतो ती आंघोळीची आणि भाताची वाफ, म्हणजे आपण वरून घातलेली भर. भिंतीतून पाझरणारी ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग बघा. कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे ठेवा, मागून हवा फिरू द्या. एवढ्याने आमचे ठिपके थांबले. आणि हॉलमध्ये दोरीवर ओले कपडे वाळत घातले, तर मग कुणाला दोष देता?

जर्मनीतल्या मावसभावाने त्याच्या घरातलं यंत्र व्हिडिओवर दाखवलं. खोल्याखोल्यांत नळ्या, बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं. तिथल्या थंडीत, घट्ट बंद घरात ते लागतंच. आपल्याकडे खिडकी वर्षातले आठ-नऊ महिने उघडी ठेवता येते, तेव्हा एवढा खटाटोप कशाला? पण वडोदरा किंवा हैदराबादला रात्रभर एसी लावून झोपत असाल तर एवढं लक्षात असू द्या, की घरातला नेहमीचा स्प्लिट एसी तीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी आणत नाही. सकाळी डोकं जड वाटतं ते पुष्कळदा त्यामुळे. दाराखालची फट आणि बाहेर एखादा झरोका तिथेही हवा. चिमणीचंही तसंच. नळीशिवायची चिमणी तेल गाळते, पण वाफ आणि उष्णता स्वयंपाकघरातच परत सोडते.

दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही पंखे उतरवले. न्हाणीघरातले ओल्या फडक्याने झाले, स्वयंपाकघरातलं पातं सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावं लागलं. परत बसवताना बाबा खाली शिडी धरून उभे होते. म्हणाले, शहापूरच्या झरोक्याला काही घासावं लागत नव्हतं.