लेखी नाही, तरी करार आहे

घराच्या मागच्या अंगणात उभ्या उभ्या सौदा ठरतो. फरशी बसवायची, इतके पैसे, निम्मे आगाऊ. कागदबिगद काही नाही. पुढे फरशी खचते, माणूस फोन उचलत नाही, आणि आयर्लंडमधल्या नासमध्ये नवं घर घेतलेलं मराठी कुटुंब स्वतःलाच दोष देत बसतं.

इथला कायदा इतका कागदाला चिकटलेला नाही. काम सांगितलं, किंमत ठरली, पैसे दिले, की करार झाला. व्हॉट्सॅपवरचे निरोप, बँकेतली नोंद आणि खचलेल्या फरशीचे फोटो हा त्याचा पुरावा. रोखीत दिलेल्या पैशांचीच खरी पंचाईत. ‘रोख द्या, स्वस्तात करतो’ यातला स्वस्तपणा तिथे कळतो. उलट, व्यावसायिकानं घरी येऊन तिथल्या तिथे काम ठरवलं असेल, तर ठरलेल्या गोष्टी लेखी देणं ही बहुतेक वेळा त्याचीच जबाबदारी असते.

२९ नोव्हेंबर २०२२ पासून लागू असलेल्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी कौशल्यानं आणि काळजीनं व्हायला हवं. मात्र सहसा व्यावसायिकाला आधी दुरुस्तीची संधी द्यावी लागते. मला ते रास्त वाटतं. मुदत घालून ईमेल करावा. त्यानं टाळाटाळ केली, तर किंमत कमी करून किंवा करार मोडून परतावा मागता येतो. पैसे कार्डानं दिले असतील, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत वळवून, मागून पाहावा.

नंतरची पायरी स्मॉल क्लेम्सची, म्हणजे न्यायालयातल्या छोट्या रकमेच्या दाव्याची. नासचं जिल्हा न्यायालय मेन स्ट्रीटवर आहे, पण अर्ज ऑनलाइनही होतो. दावा २,००० युरोंपर्यंत, शुल्क २५ युरो, वकिलाची गरज नाही. समोरच्याला उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. त्यानं वाद घातला, तर रजिस्ट्रार आधी तडजोड घडवू पाहतात.

बरेच जण अडतात ते भलतीकडेच. जवळ असतं पहिलं नाव आणि मोबाइल नंबर. दाव्यात मात्र व्यावसायिकाचं किंवा कंपनीचं नेमकं नाव आणि पत्ता लागतो. व्हॅनवरचं नाव कंपनीचं असेलच असं नाही. कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतं. हे आगाऊ रक्कम देण्याआधी केलेलं बरं.

दाव्याची घाई मात्र नाही: भारतात ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं, इथे कराराच्या दाव्याला सहा. निकालानंतरही पैसे आले नाहीत, तर वसुलीसाठी शेरीफकडे जावं लागतं. त्याचं शुल्क आधी आपणच भरायचं.