साठीनंतरची सुटका

दीर्घ शिक्षा भोगून उतारवयात बाहेर पडणाऱ्या माणसाचे पुनर्वसन, म्हणजे निवारा, उपजीविका, औषधपाणी आणि नाती यांची नव्याने घडी बसवणे, हा तरुण बंद्याच्या पुनर्वसनाहून निराळा प्रश्न आहे. कारण कारागृहात शिकलेल्या सुतारकामाच्या वा विणकामाच्या बळावर रोजगार शोधण्याचे त्याचे वय उलटून गेलेले असते. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झालेल्या शिक्षाबंद्याला, म्हणजे खटला संपून शिक्षा लागलेल्या बंद्याला, शिक्षेत सूट देऊन सोडण्यापूर्वी किमान १४ वर्षांचा प्रत्यक्ष कारावास पूर्ण व्हावा लागतो; ही अट १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. त्यामुळे पन्नाशीत आत गेलेला माणूस चौसष्टीच्या आत क्वचितच बाहेर येतो, आणि तोवर आईवडील गेलेले, जमिनीच्या वाटण्या झालेल्या, शिधापत्रिकेतले नाव कमी झालेले असू शकते.

महाराष्ट्रात अशा निराधारासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वयाच्या ६५ वर्षांपासून श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. मात्र दोन्हींसाठी वयाचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला लागतो, आणि ज्याला घरच उरले नाही त्याची वाट रहिवासापाशीच अडते. अनेक वृद्धाश्रम नातेवाइकाची सही मागतात. कारागृहाच्या दवाखान्यातून नेमाने मिळणारी मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी सुटकेच्या दिवशी थांबते, ही बाब तर सर्वांत तातडीची मानली पाहिजे.

जपानमध्ये किरकोळ चोऱ्या करून वृद्ध पुन्हा पुन्हा तुरुंगात परतू लागले, तेव्हा तेथील शासनाने २००९ पासून वृद्ध आणि अपंग बंद्यांसाठी साहाय्य केंद्रे उभारली. नागासाकीपासून सुरू झालेली ही केंद्रे २०१२ पर्यंत सर्व ४७ प्रांतांत पोहोचली. त्यांचे कार्यकर्ते सुटकेच्या कित्येक महिने आधी तुरुंगात जाऊन बंद्याला भेटतात आणि निवारा, शासकीय साहाय्य व उपचार यांची सोय लावतात. या व्यवस्थेचे मोल वेळेत आहे, कारण दार उघडल्यानंतर सुरू झालेली मदत वृद्धापर्यंत बहुधा उशिरा पोहोचते.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कारागृहांत समाजकार्यकर्ते पाठवत आला आहे. म्हणजे आत जाऊन काम करण्याची रीत येथे अनोळखी नाही. मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव कारागृहातून निघून शासनापर्यंत जाईतो बराच काळ लोटतो. तेवढ्या अवधीत आधारपत्र, बँक खाते, निवृत्तिवेतनाचा अर्ज आणि आजाराची कागदपत्रे तयार करणे ही समाजकार्यकर्त्याच्या सदिच्छेवर सोडण्याची नव्हे, तर कारागृह प्रशासनाच्या जबाबदारीची बाब ठरावयास हवी.