फीच्या आधी दाखला

बारावीचा निकाल लागला की घरात फीचा हिशेब सुरू होतो. खरं तर त्याआधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या मुलांची व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची 2024-25 पासून पूर्ण. यातली एक अट मोठी : प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. कॉलेजच्या दारात घाईने पैसे भरणाऱ्या पालकांना हे कुणी सांगत नाही.

अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. पैसे जमा होतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. हे खातं बहुधा शाळेत असताना काढलेलं आणि आता बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन ते आधी तपासा.

शैक्षणिक कर्ज शेवटी. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, मात्र शिकत असतानाही व्याज चढतच राहतं.