काच आणि बटण

घरात नवी वस्तू आली म्हणजे घराचे दोन पक्ष व्हावयाचे, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. चुलीशेजारी स्टोव्ह आला तेव्हा त्याच्या वासावरून वाद झाले. बोरू जाऊन टाक आला तेव्हा वळण बिघडल्याची हाकाटी झाली. आणि मोडी व बालबोध यांचे भांडण तर कित्येक वर्षे चालले. हात न उचलता झरझर लिहावयाचे असेल तर मोडी, आणि कोणासही स्पष्ट वाचता यावे असे वाटत असेल तर बालबोध, असा त्या वादाचा मथितार्थ होता. हल्ली हेच नाटक मोबाईल फोनच्या बाबतीत पुन्हा चालू आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून सरकारदप्तरी अहिल्यानगर) कोणत्याही चार माणसांच्या घरात पाहावे, तो मुले, सुना व नातवंडे काचेच्या, म्हणजे टचच्या फोनवाचून घटकाभर राहत नाहीत, आणि आजोबा आपला बटणांचा साधा फोन सोडावयास तयार होत नाहीत. एक पक्ष दुसऱ्यास जुनाट म्हणतो; दुसरा पहिल्यास नादिष्ट म्हणतो.

हा वाद वरवर गमतीचा वाटला तरी त्याच्या पोटी एक गंभीर प्रश्न आहे. घरातील वडील मनुष्याने आपले कागद, आपला पैसा व आपला पत्रव्यवहार आपल्याच हाताने पाहावा, की दर वेळी कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे, असा तो प्रश्न होय. त्याच दृष्टीने दोन्ही पक्षांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम यंत्राची रीत पाहू. बटण दाबले म्हणजे त्याखालील दोन टोके जुळतात व अक्षर उमटते. बटण दबल्याचे बोटास कळते, त्यासाठी डोळ्यांची गरज लागत नाही. पाचाच्या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा असतो. त्याच्या आधाराने अंधारात किंवा अंध मनुष्यासही सर्व आकडे सापडतात. २००३ साली नोकिया कंपनीने ११०० ह्या क्रमांकाचा फोन काढला, त्यात धूळ आत न शिरणारी बटणे आणि माथ्यावर विजेरी होती. आपल्यासारख्या देशांतील धूळ व अंधार ध्यानात घेऊनच तो घडविलेला होता, आणि जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले.

काचेची रीत निराळी. काचेखाली विजेचा अतिसूक्ष्म भार धारण करणारा एक पारदर्शक थर असतो. मनुष्याचे शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या ठिकाणचा भार किंचित बदलतो, आणि बोट कोठे टेकले हे यंत्र ताडते. येथे दाब लागत नाही, हा तिचा गुण. परंतु पाण्याच्या थेंबानेही भार बदलतो, आणि हातमोज्यातून किंवा कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटातून तो पुरेसा बदलत नाही, हे तिचे वैगुण्य. राहुरी-कोपरगावकडे उसाला पाणी देणाऱ्याचे ओले हात आणि पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजुराचे राठ हात, ह्या दोहोंस काच कधी कधी दाद देत नाही ती ह्याच कारणाने. तेव्हा म्हाताऱ्या माणसास ‘तुम्हांला जमत नाही’ असे म्हणण्यापूर्वी काचेचा स्वभाव ओळखावा, हे बरे.

असे असता काच जिंकली कशी? २००७ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने आयफोन जाहीर केला, तोपर्यंत बड्या व्यवहारी लोकांच्या हाती बारीक बटणांची ओळच्या ओळ असलेला ब्लॅकबेरी असे. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ साली निघाला, त्याला काच तर होतीच, शिवाय खालून सरकवून काढावयाचा बटणांचा फलकही होता. प्रत्यक्ष कारागिरांचाही निश्चय तेव्हा झालेला नव्हता, हे यावरून दिसेल. पण एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. बटण एकदा बसविले की त्यावरचे अक्षर कायमचे. काचेवरची बटणे मात्र पाहिजे तेव्हा उमटतात, पाहिजे तेव्हा नाहीशी होतात. पत्र लिहिताना अक्षरे, हिशेब करताना आकडे, नकाशा पाहताना काहीच नाही.

हा गुण इंग्रजीपेक्षा मराठीस अधिक उपयोगी पडला आहे, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावे. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. आपले स्वर, व्यंजने, काना-मात्रा व जोडाक्षरे ह्यांचा पसारा बारा बटणांत कोंबणे म्हणजे शिक्षाच. कवर्ग एका बटणावर दिला, तर ‘घ’साठी तेच बटण चार वेळा दाबावयाचे, मग मात्रा, मग पाय मोडणे. त्यात दुसरी अडचण अशी की, एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावतात, तर देवनागरी चिन्हे केवळ ७०. म्हणजे तेच कुशलवृत्त मराठीत लिहिले तर दुप्पट खर्च! परिणाम असा झाला की, शिकल्यासवरल्या घरांतील एक सबंध पिढी आपली मराठी रोमन अक्षरांत लिहू लागली. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ ह्यांतील भेद त्या लेखनात बुडाला. काच आल्यावर, आणि इंटरनेटवरील संदेशांस अक्षरे मोजण्याचे बंधन न राहिल्यावर, देवनागरी पुन्हा बोटांखाली आली. पुढे २०१६ साली भारत सरकारने असा नियम केला की, देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी व हिंदीखेरीज आणखी एक भारतीय भाषा लिहिता आली पाहिजे. मातृभाषेचा अभिमान बाळगणाऱ्याने काचेस नावे ठेवताना हे उपकार विसरू नयेत.

आता प्रणालींचे पाहू. फोनचा जीव बटणांत नसतो आणि काचेतही नसतो. त्यावर कोण कोणते ॲप चालवू देतो, यात असतो. नोकियाची सिंबियन प्रणाली एके काळी जगात अग्रभागी होती. २०११ साली त्या कंपनीने तिचा मार्ग सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा हात धरला, आणि २०१४ साली फोनचा कारखानाच मायक्रोसॉफ्टच्या स्वाधीन झाला. विंडोजच्या फोनला काच होती, तरी तोही टिकला नाही. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. आपल्याकडे २०१७ साली जिओफोन निघाला. त्याला बटणे होती व कायओएस नावाची प्रणाली होती. पुढील वर्षी त्यावर व्हॉट्सॲप आले तेव्हा पुष्कळ घरांतील वडील मंडळींस आनंद झाला. परंतु २०२४ साली कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने मिळणे बंद झाले. बटणे शाबूत असूनही त्या फोनचा अर्धा उपयोग गेला. आज मैदानात खरे दोनच मल्ल उरले आहेत: कोणत्याही कारखानदारास वापरता येणारे अँड्रॉइड, आणि केवळ ॲपलच्या फोनवर चालणारे आयओएस. दोघांनीही काचच पत्करली आहे.

ह्याचा परिणाम शेतापर्यंत कसा पोहोचला, ते ई-पीक पाहणीवरून दिसते. पिकाची नोंद करणे हे पूर्वी तलाठ्याचे काम. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर असा प्रघात पडला की, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवरील ॲपमध्ये पिकाचे छायाचित्र घालून नोंद करावी. ही नोंद सातबाऱ्यावर चढते, आणि पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांस ती उपयोगी पडते. आपल्या शेताची नोंद आपल्याच हाती आली, ही सुधारणा खरोखर स्तुत्य. पण ते ॲप अँड्रॉइडच्या फोनावाचून चालत नाही. ज्याच्याजवळ बटणांचा फोन, त्याने शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करावी. तशी मुभाही ठेविली आहे. तरी श्रावणातील भुरभुर पाऊस, काचेवरचे थेंब, आणि मुलगा पुण्यास चाकरीला, अशा वेळी जामखेडच्या एखाद्या वृद्ध खातेदारास स्वतःच्या बाजरीसाठी दुसऱ्याची विनवणी करावी लागते. जे हक्क म्हणून मिळाले, ते व्यवहारात उपकार म्हणून घ्यावे लागते.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही योजना सुरू केली. तीत इंटरनेट लागत नाही. ठरावीक क्रमांक फिरवावा, आवाज सांगेल तसे आकडे दाबावेत, की पैसे पोहोचतात. अंतःकरणात आणले तर बटणांच्या फोनवरही नव्या सोयी देता येतात, हे यावरून सिद्ध होते. ज्या सेवेचा संबंध सर्व प्रजेशी येतो, ती एकाच जातीच्या यंत्रावर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काचेचे आणि बटणाचे भांडण आणखी एका मार्गाने मिटण्याचा संभव आहे, तो म्हणजे बोलून लिहविणे. हल्ली काचेच्या फोनला मराठीत सांगितले की तो अक्षरे उमटवितो. नेवासे आपल्याच जिल्ह्यातील. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी तेथे भावार्थदीपिका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही रीत ह्या भूमीस नवीन नाही. मात्र लेखक समजून उमजून लिहितो; यंत्र ऐकू येईल तसे लिहिते. म्हणून सांगितलेले पुन्हा वाचून पाहावे, विशेषतः आकडे व नावे.

आता घरच्या व्यवहाराविषयी दोन शब्द. वडिलांस फोन देताना पुष्कळ ठिकाणी अशी चूक होते की, परदेशी असलेला मुलगा हौसेने स्वतःसारखा आयफोन पाठवितो, आणि घरात शिकविणारी सून किंवा नात अँड्रॉइड वापरणारी असते. मग अडले की शिकवावयाचे कोणी? आमचा सल्ला असा की, जो जवळ राहतो व शिकवितो, त्याच्याच प्रणालीचा फोन घ्यावा. मोलाचा विचार नंतर. काचेवरील अक्षरे मोठी करावीत, नको ते सर्व दृष्टीआड करावे, आणि रोजच्या चार माणसांची छायाचित्रे पुढे ठेवावीत. ज्यांस बोलण्यापलीकडे काही नको, किंवा ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांचा बटणांचा फोन बळाने काढून घेऊ नये. दोन्ही फोन घरात नांदले तर काही बिघडत नाही. देवघरातील समई आणि ओसरीवरचा विजेचा दिवा एकाच घरात नांदतातच.

सर्वांत महत्त्वाचे हे की, ‘द्या इकडे, मी करतो’ असे म्हणून वडिलांच्या हातातून फोन घेण्याची सवय तरुणांनी सोडावी. त्या एका वाक्याने काम दोन पळांत होते, पण शिकणे कायमचे राहून जाते. शिवाय फोन आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देण्याची जी सवय घरात लागते, तीच पुढे एखाद्या गोडबोल्या लबाडाच्या कामी येते. शेजारी बसावे, बोट त्यांचेच ठेवावे, आणि चुकले तर पुन्हा करू द्यावे. ज्यांनी आपला हात धरून पाटीवर श्रीकार गिरवून घेतला, त्यांच्यासाठी एवढा धीर धरणे जड वाटू नये.